चेअरमन नसलेला धातू

वाकवून पाहिल्याशिवाय जगातल्या कुठल्याही वस्तूवर विश्वास ठेवायचा नाही, असं मानणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. ताट समोर आलं की बाकीचे लोक भातावर तूप पडलंय का ते बघतात. हे आधी चमचा उचलत, दोन्ही अंगठे त्याच्या पाठीला लावत आणि डोळे बारीक करून त्याला हळूहळू वाकवत. चमचा वाकला तर नाराज होत, आणि वाकला नाही तर आणखी जोर लावून, तो वाकल्यावर नाराज होत. आमच्या साताऱ्याच्या घरात अजूनही काही चमचे असे आहेत की त्यांनी आमटी वाढून घेतली तर ती शेजारच्याच्या ताटात पडते. छत्रीच्या काड्या, चष्म्याच्या दांड्या, माझ्या सायकलची घोडी, एकदा तर एस.टी.च्या कंडक्टरचा तिकिटं पंच करायचा चिमटा, असं काहीही त्यांच्या हातून सुटलं नाही. कंडक्टर ओरडला तेव्हा हे शांतपणे म्हणाले, "मोडला नाही ना? मग आनंद माना. माल चांगला आहे."

आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला ते आणि माझी मेहुणी, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण अक्का, साताऱ्याला आले होते. बायकोनं हौसेनं फराळाचं ताट पुढं ठेवलं. साडूंनी चकली उचलली, उजेडात धरली आणि कट्कन मोडली. "बघा साडूभाऊ, हिच्यात ताकद आहे, लवचिकता नाही. वाकायच्या आधी तुटते." मग अनारसा उचलला. तो बिचारा त्यांच्या बोटात दुमडला. "आणि हा बघा. वाकतो, पण अंगात जोर नाही. आता मला सांगा, दोन्ही एके ठिकाणी कुठं मिळतं?"

"एका ताटात मिळतं, भावजी," बायको म्हणाली. "खा गुपचूप."

त्यांनी खाल्लं, पण गुपचूप नव्हे. माणसांच्याही त्यांनी दोनच जाती केल्या होत्या, तुटणारी आणि वाकणारी. सासरेबुवा तुटणारे, सासूबाई वाकणाऱ्या. मला त्यांनी पहिल्याच भेटीत "शिसं" ठरवून टाकलं होतं: जड, मऊ आणि कुठल्याही आकाराला तयार. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो, आवाज चढवत नाही, एवढ्यावरून त्यांनी हा निष्कर्ष काढला होता. मी त्याला विरोध केला नाही, त्यामुळे तो सिद्धही झाला. वाईला एका नात्यातल्या मुलीला बघायला मुलगा आला होता, तेव्हा यांनी बोलता बोलता त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूहळू भार वाढवत नेला. मुलगा खुर्चीसकट कलंडला. स्थळ गेलं. मुलीच्या बापानं यांच्याशी बरेच दिवस अबोला धरला, त्यावर यांचं म्हणणं एवढंच, "खुर्ची आधी गेली. मुलाचा निकाल राहूनच गेला."

सांगलीच्या औद्योगिक वसाहतीत त्यांची लहानशी फौंड्री होती. उसाच्या पट्ट्यात लागणाऱ्या मोटारपंपांचे ओतीव भाग तिथं तयार होत. म्हणजे होत असावेत. मी नव्वदच्या दशकात जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा पंपांचं काम एका बाजूला खोळंबलेलं आणि साडू कोपऱ्यातल्या छोट्या भट्टीपुढं उकिडवे बसून भलतंच काहीतरी वितळवत असलेले. भट्टीवर त्यांच्या जोडीला पाटणकडचे एक निवृत्त फौजी होते. त्यांना सगळे सुभेदार म्हणत. सुभेदारांना धातूतलं फार कळत होतं असं नाही, पण साहेबांना तोंडावर बोलायला ते कचरत नसत, आणि त्या फौंड्रीत याच गुणाची सर्वांत जास्त गरज होती.

साडूंना हवा होता एक नवा धातू. अॅल्युमिनियमसारखा हलका, पण अॅल्युमिनियम वाकतं तसा न वाकणारा; आणि न वाकणारे धातू जसे एक दिवस अचानक तुटतात, तसा न तुटणारा. आता हे जगातल्या सगळ्या धातुवाल्यांना हवंच असतं. साडूंचं वेगळेपण त्यांच्या उपायात होतं. तो त्यांनी मला पहिल्यांदा सांगितला तेव्हा आम्ही फौंड्रीच्या दारात भडंग खात बसलो होतो.

"आजवरचे सगळे मिश्रधातू कशानं वाया गेले माहीत आहे? चेअरमननं!"

मी भडंग खात राहिलो.

"पोलाद घ्या. लोखंड चेअरमन. कार्बन चिमूटभर, सहीपुरता संचालक. पितळ घ्या. तांबं चेअरमन, जस्त व्हाइस चेअरमन. एकाच्या हातात सगळा कारभार. तो कडक असला तर संस्था तुटते, ढिला असला तर संस्था वाकते. माझ्या धातूत पाच जण. अॅल्युमिनियम, मॅग्नेशियम, जस्त, तांबं, कथील. पाचांना समान वाटा. खुर्चीच नाही! कुणाला कुणावर दादागिरी करता येणार नाही, मग सगळे एकमेकांना धरून राहतील."

"राहतील?" मी विचारलं.

"राहावंच लागेल. जाणार कुठं?"

या सिद्धान्ताचा उगम धातुशास्त्रात नव्हता, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. वसाहतीच्या पतसंस्थेच्या निवडणुकीत ते चेअरमनच्या पॅनेलविरुद्ध एकटे उभे राहिले होते आणि असे पडले होते की आपल्या घरातली मतं तरी आपल्याला मिळाली की नाही याचा त्यांना छडा लागेना. अक्काला त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. अक्का म्हणायची, "मतदान गुप्त असतं." त्या दिवसापासून चेअरमन या प्राण्याबद्दल त्यांचं मत जे खराब झालं ते थेट भट्टीपर्यंत जाऊन पोचलं. पाच धातू म्हटल्यावर गल्लीतल्या बायकांना वाटलं, देवाची मूर्ती ओततायत. एकीनं भट्टीपुढं नारळ आणून ठेवला. साडूंनी तो फोडून खाल्ला आणि करवंटी वाकवून बघितली.

मी ग्रंथालयात शोध घेतला. सगळे धातू सारख्या वाट्यानं टाकावेत असं कुठल्याही पुस्तकात नव्हतं. हलक्या मिश्रधातूंवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मात्र सापडलं. ते मी माझ्या नावावर काढून सांगलीला नेऊन दिलं. पुढच्या खेपेला बघितलं तर तराजूचं टेबल डुगडुगत होतं म्हणून पुस्तक त्याच्या एका पायाखाली घातलेलं. "फार उपयोगी पुस्तक आहे," ते म्हणाले.

हे सगळं नुसतं खूळ असतं तर त्याला हसून मी मोकळा झालो असतो. पण त्यामागे अक्काचा डावा पाय होता.

अक्काला लहानपणी पोलिओ झाला. मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर, त्याला कातडी पट्टे, खाली बूट. मिरजेला करून घेतलेला तो कॅलिपर इतका जड होता की मी एकदा तो उचलून दुसरीकडे ठेवताना मला दोन्ही हात लागले. अक्का तो रोज एका पायावर वागवायची आणि नदीकडच्या एका शाळेत चौथीच्या मुलांना शिकवायची. शाळेच्या तळमजल्याच्या भिंतींत पुराचं पाणी मुरून मुरून त्या धरेनाशा झाल्या, तेव्हा सगळे वर्ग वरच्या मजल्यावर गेले. जिना अरुंद आणि उभा. मुख्याध्यापकांनी अक्काला बोलावून फार गोड आवाजात सांगितलं, "बाई, तुम्ही आता घरी आराम करा. आम्ही कागदपत्रांचं बघतो."

"आराम मला वर्षातून एकदा खंडेनवमीला मिळतो, तेवढा पुरतो," अक्का म्हणाली आणि जिना चढायला लागली. एका हातानं कठडा, दुसऱ्या हातानं कॅलिपर धरून पाय उचलायचा, वरच्या पायरीवर ठेवायचा, श्वास घ्यायचा. मुलं वर बाकांवर चिडीचूप बसून तो लोखंडाचा आवाज ऐकत. संध्याकाळी तिचा गुडघा उशीएवढा सुजलेला असे. डॉक्टरांनी सांगून टाकलं, एक तर हे वजन कमी करा नाही तर जिना सोडा. जिना सोडणं म्हणजे शाळा सोडणं. म्हणजे प्रश्न असा होता, की साडूंचा धातू आधी तयार होतो की अक्काचा गुडघा आधी जातो.

खंडेनवमीचं सांगायला हवं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारं-अवजारं पुजायची, आणि पुजलेलं अवजार त्या दिवशी वापरायचं नाही, ही आपल्याकडची रीत. फौंड्रीवाल्या घरात ती जरा जास्तच कडक. पण त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्याच खंडेनवमीला साडूंनी भट्टीच्या सांडश्या, हातोडे, साचे यांच्या रांगेत अक्काचा कॅलिपरही आणून ठेवला आणि त्याला झेंडूची माळ घातली. "सगळ्या यंत्रांना सुट्टी, मग यानं काय पाप केलंय?" अक्का म्हणाली, "आणि मी दिवसभर चालू कशी?" हे म्हणाले, "चालू नकोस." तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी अक्का खिडकीतल्या खुर्चीत बसून राही आणि घर साडू चालवत. चालवत म्हणजे काय, तर घराचे हाल करत. भात आणि वरण एकाच कुकरमध्ये एकत्र शिजवून "वेगळं कशाला, पोटात एकच होतं," म्हणत. पण कळस असे तो चहाचा. चहाही चेअरमन नसलेला. एक वाटी पाणी, एक वाटी दूध, एक वाटी साखर, एक वाटी चहापूड, एक वाटी किसलेलं आलं. पाचांना समान वाटा. त्या द्रवाचा रंग साच्याच्या मातीसारखा, आणि घट्टपणा असा की चमचा त्यात थोडा वेळ उभा राहून मग विचार करून पडे. आम्ही नवराबायको त्या दिवशी सांगलीला असलो तर आमचे दोन कप दारातल्या जास्वंदीच्या बुंध्याशी जात. जास्वंद तरारून फुले, हे एक आश्चर्य. अक्का मात्र आपला कप तळाची पूड दिसेपर्यंत प्यायची. कशी प्यायची, ते तिलाच ठाऊक.

पहिला कॅलिपर तयार झाला तेव्हा साडूंनी मला फोन करून बोलावून घेतलं. पाच धातू सम प्रमाणात, चकचकीत, आणि खरोखर हलका; मी तो एका बोटावर तोलला. साडूंनी पट्टीवर हातोडा मारला. काही झालं नाही. सुभेदारांनी मारला. काही झालं नाही. "बघा!" साडू म्हणाले. "वाकवून बघितला का?" मी विचारलं. ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी लग्नाच्या मांडवात नवऱ्यामुलाचं वय विचारलं. "वाकतच नाही तो! तेच तर!" आयुष्यभर परक्यांचे चमचे वाकवणाऱ्या माणसानं आपली वस्तू मात्र वाकवून बघितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी अक्का जिन्याच्या मधोमध असताना तो तुटला. वाकला नाही, कुरकुरला नाही. काचेचा ग्लास फुटावा तसा आवाज आला आणि दोन तुकडे खाली घरंगळले. कठडा हातात होता म्हणून ती बसल्या जागी बसली, पडली नाही. चौथीची मुलं धावत आली आणि त्यांनी बाईंना वर नेलं. अक्कानं त्या दिवशी वर्ग पुरा घेतला, आणि मग एका मुलाबरोबर निरोप धाडला: जुना लोखंडी घेऊन या.

साडू तुकडे घेऊन फौंड्रीत बसले. सुभेदारांनी एक तुकडा हातात घेऊन त्याची तुटलेली कड निरखली.

"सायेब, राग न्हाई ना येनार?"

"बोला."

"ह्यो धातू न्हाई. ही शेंगदाण्याची चिक्की हाय."

"गप्प बसा."

"आवं, म्या गप बसतो, पर बाईंचा पाय कसा गप बसंल? पाच जनं एका जागी कोंबलं म्हंजी काय एकी हुती व्हय? आमच्या भावकीत बी पाचांचा वाटा सारखाच हाय. बांधावरनं रोज डोकी फुटत्यात."

साडू मलाच म्हणाले, "सुभेदार तुटणारे आहेत."

मग त्यांनी दुसरं टोक गाठलं. कथील वाढवलं, भट्टीतून काढून रात्रभर राखेत निवू दिलं, आणि दुसरा कॅलिपर असा केला की तो तुटणं शक्यच नव्हतं. तुटला नाहीच. अक्का तो घालून गणपतीच्या देवळात गेली. रांगेत उभी राहिली तशी हळूहळू डावीकडे कलायला लागली, आणि गाभाऱ्यापर्यंत पोचेस्तोवर वाऱ्यानं लवलेल्या उसासारखी दिसायला लागली. मागच्या बाईनं विचारलं, "अहो, बरं वाटत नाही का?" अक्का म्हणाली, "मला बरंय. माझ्या नवऱ्याला बरं नाही." तोही कॅलिपर फौंड्रीत परत आला. सुभेदार त्याच्याकडे बघून एवढंच म्हणाले, "आता पुरनपोळी झाली."

मधल्या काळात मॅग्नेशियमचं प्रकरण झालं. भट्टीत त्याचा वाटा टाकताना तो पेटला, आणि सुभेदारांनी लष्करी तत्परतेनं त्यावर बादलीभर पाणी ओतलं. पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी ओतू नये, हे टेबलाच्या पायाखालच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं होतं. असा पांढरा लख्ख भडका उडाला की शेजारच्या कारखान्यांतली माणसं बाहेर धावत आली. दोघांच्याही भुवया गेल्या. "सरहद्दीवर बी येवडा उजेड न्हाई बगितला गड्या," असं सुभेदार पुढं महिनाभर सगळ्यांना सांगत होते. साडू बिनभुवयांचे असे घरी गेले तेव्हा अक्का हसली नाही. ती म्हणाली, "अहो, मला लोखंडीच बरा आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी शाळेत राजीनामा देईन. तुम्ही भट्टी बंद करा."

हे मला माझ्या बायकोनं सांगितलं. साडूंनी त्यावर काय केलं, तेही तिनंच सांगितलं. उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन एकेक चमचा सरळ करत बसले.

त्यानंतर बरेच दिवस सांगलीहून ना फोन, ना भेट. चांगला माणूस गप्प झाला की काळजी वाटते. साडू गप्प झाले तेव्हा आधी आम्हाला जरा निवांत वाटलं, आणि मग काळजी वाटली. दिवाळीच्या सुट्टीत एके दुपारी ते अचानक माझ्या ग्रंथालयात आले. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पट्टी आणि माझं पुस्तक. पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर टेबलाच्या पायाचा गोल खड्डा पडला होता. त्यांनी पट्टी माझ्या टेबलावर ठेवली आणि इकडेतिकडे बघत म्हणाले, "वाकवा."

मी वाकवली. बरीच वाकली, मग हाताला अडली. सोडली तशी जवळजवळ सरळ झाली. टेबलाच्या कडेवर आपटली. काही झालं नाही. हाताला हलकी लागत होती.

"झालं की!" मी म्हणालो. ग्रंथालयात मी एवढ्या मोठ्यानं कधी बोललो नव्हतो. दोन विद्यार्थ्यांनी मान वर केली.

"हळू बोला." ते खुर्ची ओढून जवळ आले. "साडूभाऊ, चेअरमन बसवला."

"कोणाला?"

"अॅल्युमिनियमला. बाकीचे सगळे थोडे थोडे. कथील तर काढूनच टाकलं. मग ओतून भागलं नाही, घणाखाली ठोकून काढली, पुन्हा तापवून पाणी दिलं, आणि मग मंद आचेवर ठेवून दिली. सुभेदार चोवीस तास भट्टीशी बसून राहिले." त्यांचा चेहरा पतसंस्थेच्या निकालाच्या दिवशी होता त्याहून पडलेला होता. "तुमच्या पुस्तकात असलंच काहीतरी आहे म्हणे?"

मी पान उघडून दाखवलं. जवळजवळ तेच मिश्रण, तीच रीत, विमानांसाठी वापरतात ती. साडूंनी त्या पानावरून बोट फिरवलं.

"मग तुम्ही मला आधी सांगितलं का नाही?"

"पुस्तक आणून दिलं होतं की."

"पुस्तक देणं म्हणजे सांगणं नव्हे, साडूभाऊ." मग पट्टी पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "हे कुणाला बोलू नका. फौंड्रीत, वसाहतीत, घरी. पाचांना समान वाटा. एवढंच लक्षात ठेवा." मी मान हलवली. मी शिसं होतो. माझ्यात काहीही मावतं.

सुट्टीनंतर शाळा उघडली. अक्का नव्या कॅलिपरवर जिना चढली तेव्हा मीही तिथं होतो, कारण साडूंनी मला जिन्याखाली उभं केलं होतं, "पडली तर झेला" म्हणून. ते स्वतः फाटकाबाहेर एका पानपट्टीच्या आडोशाला उभे होते. आत यायचं धाडस त्यांना झालं नाही. अक्का चढली. कठडा धरून, पण पाय हातानं न उचलता चढली. वर पोचल्यावर मुलांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना तिनं दटावलं, आणि पाढे सुरू झाले. मी बाहेर येऊन सांगितलं, "चढली." साडूंनी पानपट्टीवाल्याचा अडकित्ता हातात घेतला होता. तो त्यांनी न वाकवता परत दिला.

मग साडू पुन्हा पूर्ववत. लग्नामुंजीत ते अक्काच्या कॅलिपरकडे बोट दाखवून परक्या माणसांना थांबवत आणि सांगत, "पाच धातू. समान वाटा. चेअरमन नाही." मी शेजारी उभा राहून मान हलवत असे. एकच तक्रार ते करत: जुन्या लोखंडाचा आवाज यायचा, त्यामुळे अक्का घरात कुठं आहे ते कळायचं, आता ती मांजरासारखी मागून येते आणि आपल्याला नको ते करताना पकडते. त्यावर उपाय म्हणून त्यांनी बुटाच्या टाचेला लोखंडी नाल ठोकून दिली. इतक्या वर्षांच्या खटपटीनं जे वजन काढलं, त्यातलं थोडं असं परत आलं. अक्का टक्, टक् करत घरभर फिरत राहिली.

ते गेले ते भट्टीपुढं. उकिडवे बसले होते, तसेच एका बाजूला कलले. सुभेदारांना आधी वाटलं, काहीतरी वाकवून बघतायत. त्या दिवशी भट्टीत काय होतं ते मी विचारलं. सुभेदार म्हणाले, "तेच की. पाची जनं, सारक्या वाट्यानं. सायबांनी इचार सोडलाच नव्हता. बाईंचं काम झालं, आता माजं बगतो, म्हनायचे." त्याला आता बरीच वर्षं झाली. मध्ये ग्रंथालयात आलेल्या एका विज्ञानमासिकात मी वाचलं, की परदेशात आता लोक खरोखरच पाच-पाच धातू सारख्या प्रमाणात मिसळून बघतायत, आणि हलकेपणा, ताकद, लवचिकता यांचा मेळ बसवायला धडपडतायत. काहींना काही काही जमतंयही म्हणे. साडू असते तर त्यांनी ते मासिक घेऊन पतसंस्थेच्या दारात ठिय्या दिला असता. मी ते मिटून जागेवर ठेवलं.

ते गेल्यानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला आम्ही दोघं सांगलीला गेलो. वाटलं होतं, यंदा पूजा नसेल. फौंड्री बंदच होती. सुभेदार मात्र झेंडूच्या माळा घेऊन सकाळीच आले होते. पाटावर सांडशी, हातोडा, एक साचा, आणि त्यांच्या शेजारी अक्काचा कॅलिपर. तो तिनं स्वतःच काढून ठेवला होता. ती खिडकीतल्या खुर्चीत बसली होती.

"अक्का, यंदा कशाला?" बायको म्हणाली. "घालून टाक. आता कोण बोलणार आहे?"

"सुट्टी त्याची आहे, माझी नाही," अक्का म्हणाली. थोड्या वेळानं माझ्याकडे बघून म्हणाली, "मी त्यांना मत दिलं नव्हतं हो."

"पतसंस्थेला?"

"निवडून आले असते तर रोज मीटिंगा. घरी कोण थांबलं असतं?" मग म्हणाली, "आणि चेअरमन बसवलाय, ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. मी चौथीला शिकवते. मुलानं उत्तर बघून लिहिलं की त्याची मान कशी होते, ते ओळखता येतं मला."

मी चहा करायला आत गेलो. नीट केला, पाणी उकळू दिलं, पूड बेतानं, दूध शेवटी. अक्कानं एक घोट घेतला, "छान झालाय," म्हणाली आणि कप खिडकीत ठेवून दिला. तो तसाच गार होत गेला. बाहेर शेजारच्या गॅरेजमध्येही पूजा चालली होती, घंटा वाजत होती.

मी पुन्हा स्वयंपाकघरात गेलो. फडताळातली त्यांची वाटी शोधली. एक वाटी पाणी, एक वाटी दूध, एक वाटी साखर, एक वाटी चहापूड. आलं किसता किसता बोट सोललं. ते सगळं पातेल्यात खदखदायला लागलं तसा वास बाहेर गेला असावा, कारण दारातून सुभेदारांचा आवाज आला, "आरं तिच्या! सायबांचा च्या!"

अक्कानं कप दोन्ही हातांत धरला. पहिल्या घोटाला तिचं सगळं तोंड आवळून आलं.

"आलं कमी पडलंय," ती म्हणाली, आणि तळाची पूड दिसेपर्यंत प्यायली. आम्हीही प्यायलो. जास्वंदीला त्या दिवशी काही मिळालं नाही.